नावाचे मूळ आणि समाजाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे परंपरेने सांगितले जाते. नावाच्या बाबतीत मात्र हा संकेत कोणी पाळत नाही. आपले गाव, आपले आडनाव, आपल्या समाजाचे नाव कोठून आले, हे जाणून घेण्याची ओढ माणसाला उपजतच असते. गेल्या काही महिन्यांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या ओढीला नवे उधाण आले आहे. १८ जुलै २०२५ रोजी इस्लामपूरचे नाव 'ईश्वरपूर' करण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय विधानसभेत जाहीर झाला. ज्या कार्यकर्त्यांनी कित्येक वर्षे पत्रांवर, पत्रकांवर आणि फलकांवर निष्ठेने 'ईश्वरपूर' असेच लिहिले, त्यांच्या दृष्टीने तो कृतार्थतेचा क्षण होता. परकीय आक्रमणाच्या काळात लादली गेलेली नावे स्वतंत्र राष्ट्राने पुसावीत, यात गैर काही नाही. जगातील अनेक देशांनी ते केले आहे.

परंतु या आनंदाच्या पाठोपाठ एक वेगळाच पूर आला. सातारा म्हणजे सात तारे की सतरा बुरूज, सांगली म्हणजे सहा गल्ल्या की आणखी काही, 'मराठा' हा शब्द कोणत्या एका जातीचा, 'महाराष्ट्र' हे नाव कोणी कोणाला दिले, 'हिंदू' हा शब्द परक्यांनी दिलेली शिवी आहे काय, अशा प्रश्नांवर भ्रमणध्वनीवरून रोज नवनवे लेख फिरू लागले. यातील बहुतेकांत पुरावा नसतो. असतो तो केवळ कानाला जाणवणारा सारखेपणा आणि मनाला हवासा वाटणारा निष्कर्ष. काहींचा हेतू अभिमानाचा असतो, काहींचा जातीजातींत भिंती उभारण्याचा. हेतू भिन्न असले तरी पद्धत एकच आणि ती सदोष आहे. म्हणूनच या प्रश्नाकडे शांतपणे पाहण्याची गरज आहे.

हा रोग केवळ आपलाच नाही. युरोपात केल्ट नावाचे प्राचीन लोक होऊन गेले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने त्यांचा उल्लेख 'केल्टॉय' असा केला. पुढे ज्युलियस सीझरने नोंदवले की, हे लोक स्वतःच्या भाषेत स्वतःला केल्ट म्हणवतात, रोमन लोक मात्र त्यांना गॉल म्हणतात. या केल्ट शब्दाचा अर्थ कोणी 'उंच, उन्नत' असा लावतो, कोणी 'प्रहार करणारे' असा, तर कोणी 'गुप्त देवतेचे वंशज' असा. दोन सहस्रकांनंतरही विद्वानांचे एकमत नाही. आणखी गंमत अशी की, आज आयर्लंड व वेल्समधील लोक स्वतःला अभिमानाने केल्ट म्हणवत असले तरी अठराव्या शतकापूर्वी त्यांचे पूर्वज स्वतःला तसे म्हणवत नव्हते. १७०७ मध्ये एडवर्ड लुइड या अभ्यासकाने त्यांच्या भाषांतील नाते दाखवून दिले, तेव्हापासून हे नाव त्यांना चिकटले. 'वेल्श' हा शब्द तर जर्मानिक भाषांतील 'परका' या अर्थाच्या शब्दातून आलेला आहे. शेजाऱ्याने परके म्हणून हिणवले, तेच नाव त्या लोकांनी आपल्या भाषेच्या आणि संस्कृतीच्या बळावर सन्मानाचे केले.

याच केल्टांच्या पुरोहितांना ड्रुइड म्हणत. 'ड्रुइड म्हणजे आपले द्रविड' असे समीकरण आपल्याकडे अधूनमधून मांडले जाते आणि टाळ्याही मिळवते. ते टिकणारे नाही. मात्र भाषाशास्त्राने मान्य केलेली वस्तुस्थिती या कल्पनेपेक्षा अधिक रोचक आहे. ड्रुइड या शब्दाच्या उत्तरार्धात 'जाणणे' या अर्थाचा जो धातू आहे, तोच संस्कृतातील 'विद्' आणि तोच 'वेद' या शब्दातला. प्राचीन आयरिश भाषेत राजाला 'री' म्हणत. तो शब्दही 'राजन्'चा सगोत्र आहे. असे खरे नाते हाताशी असताना खोट्या नात्याचा आधार घेणे म्हणजे घरात सोने असताना पितळ मिरवणे होय. शिवाय भाषेचे नाते म्हणजे वंशाचे नाते नव्हे, हेही विसरता कामा नये. या दोहोंची गल्लत वसाहतवादी पंडितांनी केली आणि तिची कटू फळे भारताने भोगली.

आता आपल्या घराकडे वळू. मराठा, मऱ्हाटी, महाराष्ट्र या शब्दांचे मूळ काय? उपलब्ध पुराव्यांचा क्रम पाहिला तर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाच्या शिलालेखांत 'रठिक' लोकांचा उल्लेख सापडतो. शाहबाजगढी येथे तो या रूपात, तर गिरनारला 'रिस्टिक' अशा रूपात आहे. कलिंगाच्या खारवेलाच्या हाथीगुंफा लेखात 'रठिक' आणि 'भोजक' ही नावे जोडीने येतात. नाणेघाटातील सातवाहनांच्या लेण्यात आणि पुढे कार्ले, भाजे येथील लेण्यांत 'महारठि' हे पद दिसते. सिंहली ग्रंथ 'महावंस' बौद्ध धर्मप्रचारकांनी गाठलेल्या प्रदेशांत 'महारट्ठ' देशाची गणना करतो. ऐहोळे येथील ६३४ सालच्या शिलालेखात रविकीर्ती सांगतो की, दुसरा पुलकेशी नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा स्वामी झाला. त्याच शतकात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग या देशाचे नाव आपल्या भाषेच्या वळणाने लिहून ठेवतो आणि येथील लोकांच्या शौर्याची व स्वाभिमानाची नोंद करतो. नऊशे वर्षांचा हा धागा अखंड आहे.

या धाग्याचा अर्थ लावताना विद्वानांत मतभेद झाले, आणि ते होणे स्वाभाविकही होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी रठिक अथवा रट्ट या लोकांच्या नावाला 'महा' हे विशेषण लागून महारट्ठ आणि त्यापासून महाराष्ट्र असा क्रम लावला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांना 'मोठे राष्ट्र', म्हणजे विस्तृत प्रदेश, हा साधा अर्थ पुरेसा वाटला. राजारामशास्त्री भागवतांनी मऱ्हाट हे मूळ आणि महाराष्ट्र हे त्याचे संस्कृत रूप, अशी बाजू घेतली. धारवाडचे शं. बा. जोशी यांनी कन्नड भाषेच्या अंगाने 'हट्ट' लोकांशी त्याचा संबंध जोडला. मिशनरी जॉन विल्सन यांनी मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशाला जोडलेल्या टिपणात 'महारांचे राष्ट्र' अशी उपपत्ती सुचवली, आणि ज्ञानकोशकार केतकरांनीही महार व रट्ठ या दोन समूहांचा मिलाफ त्या नावात पाहिला.

एवढ्या मतांतून वाट काढायची कशी? ज्यांना हा विषय केवळ पंडितांचा वाटतो, त्यांनीही तीन साध्या कसोट्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली कसोटी ध्वनीची. शब्द बदलतात, पण वाटेल तसे बदलत नाहीत. अष्टचे आठ झाले, मुष्टीची मूठ झाली, काष्ठाचे काठ झाले. त्याच नियमाने राष्ट्राचे रट्ठ आणि रट्ठाचे राठ होते. सौराष्ट्राचे सोरठ झाले, राष्ट्रकूटाचे राठोड झाले, तसेच महारट्ठाचे मऱ्हाट आणि मराठा झाले. 'महारठि' हा शब्द रथावरून आला, म्हणजे तो महारथीच, असे पुष्कळांना वाटते. पण रथातील 'थ'चा 'ठ' होण्याचे कारण नाही. राष्ट्रातील 'ष्ट्र'चा मात्र 'ठ' होणे नियमाला धरून आहे. 'महार' आणि 'रट्ठ' यांचा जोडशब्द मानला तर मधला एक 'र' गेला कोठे, याचे उत्तर द्यावे लागते, आणि तसे रूप कोणत्याही प्राचीन लेखात आढळत नाही.

दुसरी कसोटी काळाची. ज्या रूपावर उपपत्ती उभी करायची, ते रूप कोणत्या शतकातील लेखात आहे, हे दाखवता आले पाहिजे. आजचा उच्चार घेऊन दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ लावता येत नाही. तिसरी कसोटी स्थळाची. नाव जेथले आहे, तेथला भूगोल आणि तेथला इतिहास त्याला दुजोरा देतो काय, हे पाहिले पाहिजे. केवळ सारखेपणा फसवतो. स्पेनमध्ये एक गॅलिशिया आहे आणि पोलंड-युक्रेनच्या सीमेवर दुसरा. दोहोंचा परस्परांशी सुतराम संबंध नाही. दुसऱ्याचे नाव हालिच या शहरावरून पडले.

या कसोट्या सातारा-सांगलीच्या मातीवर लावून पाहाव्यात. कऱ्हाडचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मध्य प्रदेशातील भारहुत येथील स्तूपावर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या दानलेखांत 'करहकट' या नगराचे नाव आहे. कोकणातील कुडे येथील लेण्यात 'करहाकड' येथील एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या दानाची नोंद आहे. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात करहाटकाचे नाव येते. पुढे शिलाहारांच्या काळात हे राजधानीचे नगर होते. त्या काळच्या लेखांत 'करहाट ४०००' असा प्रांतच सांगितला जातो. करहकट, करहाकड, करहाटक, करहाड, कऱ्हाड अशी ही शृंखला काळ, स्थळ आणि ध्वनी या तिन्ही कसोट्यांवर उतरते. अर्थ विचाराल तर अमरकोशात करहाट म्हणजे कमळाचा कंद आणि करहाटक म्हणजे मदनवृक्ष, अर्थात आपले गेळफळाचे झाड. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील नगराला यांपैकी कोणता अर्थ लागू पडतो, हे ठामपणे सांगता येणार नाही. पण नावाची प्राचीनता मात्र निर्विवाद सिद्ध होते. कऱ्हाडच्या माणसाला याहून अधिक कोणती सनद हवी?

माण तालुक्याचे उदाहरण वेगळे आहे. राष्ट्रकूटांच्या एका प्राचीन शाखेची राजधानी 'मानपूर' होती. तिचा मूळ पुरुष मानांक हा कुंतलांचा शासक म्हणून ताम्रपटात गौरवला गेला आहे. हे मानपूर म्हणजेच साताऱ्यातील माण, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. अन्य विद्वानांनी वेगळी स्थळेही सुचवली. माणदेशातील बंधूंनी मिराशींच्या मताचा अभिमान अवश्य बाळगावा, पण ते एका थोर संशोधकाचे मत आहे, निर्विवाद सिद्धान्त नव्हे, हेही सांगावे. याच 'कुंतल' शब्दावरून सांगली जिल्ह्यातील कुंडल आले, असे कानाला वाटेल. पण दन्ताचा दात होतो, दाड होत नाही. कुंतलातील 'त'चा 'ड' कसा झाला, हे दाखविल्याशिवाय ते समीकरण मांडता येत नाही. कुंडलची थोरवी त्यावर अवलंबूनही नाही. १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे केंद्र म्हणून त्या गावाने जो इतिहास घडविला, तो कोणत्याही व्युत्पत्तीहून मोठा आहे.

साताऱ्याच्या नावाविषयी लोकांत दोन-तीन कथा प्रचलित आहेत. इतिहास एवढे निश्चित सांगतो की, १७०० साली किल्ला घेतल्यावर औरंगजेबाने त्याला शाहजाद्याच्या नावावरून 'आझमतारा' म्हटले, आणि मराठ्यांनी तो परत जिंकल्यावर तो 'अजिंक्यतारा' झाला. म्हणजे नाव बदलणाऱ्या शत्रूलाही त्यातील 'तारा' पुसता आला नाही. मिरज हे शिलाहारांच्या लेखांतील 'मिरिंज' होय. सांगलीच्या सहा गल्ल्यांची कथा मात्र कथा म्हणूनच सांगावी. लोककथेलाही तिचे मोल असते. ती इतिहासाच्या आसनावर बसवली, तरच अनर्थ होतो.

या पुराव्यांतून एक महत्त्वाचा बोध होतो. बाराव्या शतकातील कऱ्हाडचा माणूस एकाच वेळी करहाटकर होता, कुंतल देशीय होता आणि विशाल महाराष्ट्राशीही जोडलेला होता. कुंतल हे नाव दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक या दोहोंना व्यापणारे होते. २०२२ साली जत तालुक्यातील गावांवर कर्नाटकाकडून दावा सांगितला गेला, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना भावना तापल्या. प्रशासकीय आणि भाषिक प्रश्नांची उत्तरे न्यायाने व्हावीत. पण ज्या भूमीला शतकानुशतके एकच नाव होते, तेथील मराठी व कन्नड समाज एकमेकांचे परके कसे ठरतील? कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, वाई, कऱ्हाड, सांगली ओलांडून कर्नाटकात जाते. तेथे तिचे नाव बदलत नाही.

जातीच्या अंगाने होणाऱ्या व्युत्पत्तीचा विचार अधिक गांभीर्याने करावा लागेल. 'मराठा' हा शब्द रट्ठ-महारट्ठ या मुळातून आलेला असल्याने तो आरंभी देशवाचक व समाजवाचक आहे. छत्रपती शिवरायांच्या स्वराज्यासाठी लढलेली प्रत्येक जात परमुलखात 'मराठा' म्हणूनच ओळखली गेली. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी डोक्याची मापे घेऊन मराठ्यांना 'शक-द्रविड' ठरवले. मोजपट्टी लावून समाजाचे तुकडे पाडण्याचा तो उद्योग आज विज्ञानाने टाकून दिला आहे. पण त्याच मनोवृत्तीतून आजही नावांचे अर्थ लावले जातात. महात्मा जोतिबा फुले यांचे मूळ गाव साताऱ्यातील खटाव तालुक्यातील कटगुण. त्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त 'महार' शब्दाचा अर्थ 'महाअरी', म्हणजे मोठा शत्रू, असा लावला. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती उपपत्ती टिकत नाही. परंतु ज्यांना समाजाने गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्या नावाला पराक्रमाचा अर्थ देण्याची तळमळ तिच्यामागे होती. व्युत्पत्ती नाकारताना ती तळमळ नाकारणे हा अपराध ठरेल. हिंदू समाजाने आपल्याच बांधवांची नावे तुच्छतेने उच्चारली नसती, तर त्यांना अशा उपपत्तीची गरजच का भासली असती?

'हिंदू' या नावाचेही तेच. हा शब्द परक्यांनी तिरस्काराने दिला, असा प्रचार वारंवार केला जातो आणि सुशिक्षित घरांतील मुलेही त्याने गोंधळून जातात. उत्तर ध्वनीच्या नियमात आहे. संस्कृत 'स'चा प्राचीन इराणी भाषेत 'ह' होतो. सप्ताहाचा हफ्ता होतो, असुराचा अहुर होतो, तसा सिंधूचा हिंदू होतो. अवेस्तात 'हप्त हिंदू' म्हणजे सप्तसिंधूच. इराणचा सम्राट दार्युश याच्या शिलालेखांत इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळात 'हिंदुश' हे प्रदेशनाम आहे. इस्लामचा उदय त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी झाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९२३ च्या 'हिंदुत्व' या ग्रंथात सिंधूशी असलेले हे नाते विस्ताराने मांडले. उच्चार शेजाऱ्याचा असेल, पण नदी आपली आहे आणि तिचे नावही आपले आहे.

पुराव्याचा हा मार्ग सातारा-सांगलीला नवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांना वाईतच मराठ्यांच्या इतिहासाचे दप्तर सापडले आणि १८९८ साली साधनांचा पहिला खंड निघाला. मिरजेत शाळेत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांची दप्तरे वाचून काढली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईतून चालले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तोही घोषणांच्या बळावर नव्हे. रंगनाथ पठारे समितीने शिलालेख आणि प्राचीन ग्रंथ यांचा जो आधार मांडला, त्याच्या बळावर तो दिला गेला. अभिमानाला पुराव्याची जोड मिळाली की काय होते, याचे हे ताजे उदाहरण आहे.

म्हणूनच कार्यकर्त्यांनी आणि सुजाण कुटुंबांनी हे काम आपल्या गावापासून सुरू करावे. शेतांची, ओढ्यांची, माळांची जुनी नावे गट क्रमांकांच्या वापरात झपाट्याने विसरली जात आहेत. ती सांगणारी पिढी अजून आहे, तोवर ती लिहून घ्यावीत. देवळातील शिलालेखावर तैलरंग चढवू नये, वीरगळ पायरीला लावू नये. घरातील मोडी कागद रद्दीत घालण्यापूर्वी जाणकाराला दाखवावेत. नांगरताना ताम्रपट निघाला तर तो पुरातत्त्व विभागाकडे पोहोचवावा. इस्लामपूरच्या नगरपालिकेच्या नावात 'उरुण' हे जोडनाव पूर्वापार चालत आले. ईश्वरपूरच्या तरुणांनी आता या 'उरुण'चा शोध घ्यावा. नामांतर हा प्रवासाचा शेवट नव्हे, आरंभ आहे. आणि भ्रमणध्वनीवर आलेली कोणतीही व्युत्पत्ती पुढे पाठविण्यापूर्वी एवढेच विचारावे की, याला ध्वनीचा, काळाचा आणि स्थळाचा आधार आहे काय? ती आपल्या बाजूची असेल तर दोनदा विचारावे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचे नाव नोंदले गेले. ते होते भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचे गाव कोकणातील आंबडवे. आंबडवेकरचे आंबेडकर कसे झाले, याविषयी शिक्षकांच्या स्नेहाची कथा सांगितली जाते. त्या शाळेतही या मुलाला अस्पृश्यतेचे चटके सोसावे लागले. आज जगभर त्या आडनावाचा उच्चार आदराने होतो, तो त्याच्या व्युत्पत्तीमुळे नव्हे. ज्ञानाची आणि त्यागाची अखंड साधना करून त्या मुलाने त्या नावात अर्थ भरला. हिंदू, मराठा, महाराष्ट्र ही नावे आपल्याला पूर्वजांकडून मिळाली. त्यांचे मूळ सचोटीने शोधणे हे जसे आपले कर्तव्य, तसेच या नावांखाली वावरणारा एकही बांधव स्वतःला परका समजणार नाही, असा समाज उभा करणे हेही आपलेच कर्तव्य. त्यातील दुसऱ्या कामासाठी कोणत्याही शिलालेखाची वाट पाहण्याचे कारण नाही.